वांग्याच्या रंगाचं शिप

आमच्या मळ्यात वांग्याची झाडं कितीही लगडली तरी कोणी विचारलं की बाबा म्हणतात, "काही खरं नाही बाप्पा यंदा. अळीनं खाल्लं सारं." विचारणारा बांधावर उभा असतो, वांगी त्याच्या डोळ्यांसमोर लोंबत असतात, तरी तोही मान हलवतो आणि "व्हय ना, हवाच खराब हाय" म्हणून पुढे जातो. त्याच्या मेथीचंही उत्तम चाललेलं असतं. यात कोणी कोणाला फसवलं असं कारंज्याच्या आसपास भाजीपाला पिकवणाऱ्या आमच्या घरांत धरत नाहीत. चांगल्याला चांगलं म्हटलं की नजर लागते, म्हणून म्हणायचं नाही, एवढंच. वाफ्यात काठीवर काळं मडकं उलटं टांगलेलं असतं ते त्याचसाठी, आणि आमचं बोलणंही त्याचसाठी.

मी या घरात वाढले. हे मी सबब म्हणून सांगत नाही. मी जे केलं त्याला सबब नाही. पण ते करताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट आपण फार शहाण्यासारखं वागतोय असं वाटलं. ते का, हे कळावं म्हणून मळ्यापासून सुरुवात केली.

कारंज्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवते. धाकटा भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर घरीच राहिला आणि त्यात त्याचा एक गेमही राहिला. अवकाशात लढायचा. जुनाच आहे, कुठल्याही साध्या मशीनवर चालतो. आपण एक लढाऊ यान निवडायचं, खेळणारे त्याला शिपच म्हणतात, आणि चौघांनी मिळून समोरच्या चौघांशी लढायचं. शिपं तऱ्हेतऱ्हेची असतात. एक जड, तोफांचं, मार खाऊनही उभं राहणारं. एक ढालवालं, दुसऱ्याच्या वाट्याचा मार आपल्या अंगावर घेणारं. एक दुरुस्तीचं; ते लढत नाही, आपल्या माणसांच्या मागे राहून त्यांची मोडतोड नीट करत बसतं. आणि एक हलकं, टीचभर, दोन फटक्यांत फुटणारं, पण असं वळणारं की समोरच्याला दिसेपर्यंत ते त्याच्या पाठीवर बसलेलं असतं. मी ते हलकं उडवते. संध्याकाळी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, नि पालकाच्या जुड्या बांधून झाल्या, घरातले टीव्हीसमोर बसले, की मी खोलीत. वर्षानुवर्षं. मी चांगली खेळते. हे वाक्य लिहायला मला केवढा वेळ लागला ते मलाच माहीत.

घरी एवढंच ठाऊक होतं की पोरगी कॉम्प्युटरवर काहीतरी काम करते. लग्नाच्या पोरीला गेमचा नाद आहे, ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट?

मग सोयरीक जमली. मुलगा मंगरूळपीरचा. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या आणि तांब्याची नवी तार गुंडाळून त्या पुन्हा चालू करून द्यायच्या. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं, लग्न उन्हाळ्यात धरलं, आणि आम्हाला फोनवर बोलायची मोकळीक मिळाली. मोकळीक म्हणजे मी ओसरीवर बसून बोलायचं आणि आत्यानं शेजारी लसूण सोलत ऐकायचं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्याकडेच राहते आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचा शेवटचा शब्द असतो.

पहिले काही दिवस जेवण झालं का, काय केलं होतं, याच्यापुढे आमची गाडी सरकेना. एके दिवशी त्यालाच राहवलं नाही.

"तुले म्हनून सांगतो, हासू नको," तो म्हणाला. "मी अन माहे दोस्त मिळून एक गेम खेळतो. शिप उडवाचा. लय नाद हाय मले त्याचा."

आणि त्यानं नाव घेतलं. माझ्याच गेमचं.

खरं तर त्या क्षणी मी उडीच मारायला हवी होती. साऱ्या जिल्ह्यात हा गेम खेळणारी माणसं किती, त्यात लग्नाचं कोणी किती, आणि त्यातला नेमका एक माझ्या वाट्याला आलेला. आनंद झाला हे खरं आहे. आणि तोंडातून जे आलं तेही खरं आहे.

"असं व्हय?" मी म्हणाले. "मले काय समजते त्यातलं."

आत्यानं लसणावरची नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आस्सं पाह्यजे. मानसाले जे येते ते आपल्याले येत नाही म्हनावं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पोरी." मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, शिकशील का. मी म्हणाले, जमलं तर. आणि माझं जुनं खातं तसंच ठेवून मी नवं कोरं खातं उघडलं, पहिल्यांदाच खेळणाऱ्या माणसाचं.

शिप निवडायची वेळ आली तेव्हा तो फोनवर माझ्या कानात होता आणि आत्या ओसरीवरून उठून लसणासकट खोलीच्या दारात येऊन बसली होती. पडद्यावर सगळी शिपं रांगेनं उभी, सावकाश गोल फिरत होती. मला त्यांतला प्रत्येक खिळा पाठ.

"घाई करू नको," तो म्हणाला. "बैलजोडी घेतो तसं घ्याचं. एकेक फिरवून पाह्य. कोनतं आवडते?"

माझं हलकं शिप तिसऱ्या जागेवर होतं. त्याच्यावरून मी नजर अशी पुढे नेली जशी बाजारात ओळखीचं माणूस टाळताना नेतात. दुरुस्तीच्या शिपाच्या पोटावर जांभळा पट्टा होता.

"तो वांग्याच्या रंगाचा पट्टा हाय ना," मी म्हणाले, "ते छान दिसते."

तो हसेल असं वाटलं होतं. हसलाही, पण टिंगलीचं नाही. "घे मंग तेच. पट्ट्यावरून तं पट्ट्यावरून. तू मांगं राह्य, मी तुह्यापुढं राहीन. तुले कोनी हात लावनार नाही."

ते मला आवडलं. आज सगळ्यांत जास्त लाज वाटते ती याची, की खोटं बोलून मिळालेलं ते वाक्य मला मनापासून आवडलं. रात्रभर उशाशी घेऊन झोपावं असं वाटलं.

मग शिकवणी सुरू झाली. त्याचं शिकवणं वाईट असतं तर मी दोन दिवसांत कंटाळून खरं सांगून टाकलं असतं. पण तो फार चांगलं शिकवायचा. क्लासमध्ये मी स्वतः पोरांवर खेकसते, तसा तो एकदाही खेकसला नाही. अवकाशात ब्रेक लागत नाहीत, उलट दिशेनं इंजिन लावून थांबावं लागतं, हे त्यानं मला इतक्या वेळा, इतक्या परीनं समजावलं की एखाद्या दगडालाही समजलं असतं. मी दगडापेक्षा मठ्ठ झाले. मुद्दाम आपटायचे. उजवं म्हटलं की डावं घ्यायचे. मुद्दाम चुकणं सोपं नसतं, त्याला लक्ष लागतं. बोटं आपोआप बरोबर जायला बघतात आणि त्यांना दर वेळी आवरावं लागतं. "आता तं जमलं बाप्पा तुले!" असं तो ओरडला की मी लाजल्यासारखं हसायचे. ते हसूही मी ठरवून हसायचे, आणि तो फोनवरच असल्यामुळे ते हसू फक्त ऐकू यावं एवढं मोठं करायचे.

मला सांभाळायचं म्हणून त्यानं स्वतःचं शिपही बदललं. तो तोफांचं जड शिप उडवायचा, त्यावर त्याचा हात बसलेला होता. ते सोडून त्यानं ढालवालं घेतलं. त्या शिपानं कोणाचं नाव होत नाही. त्याचे दोन दोस्त कुरकुरायला लागले; मला ते खेळताना कानावरच्या हेडफोनमधून ऐकू यायचं. "भाऊ, तू लढाचं सोडून राखणदारी कायले करून राह्यला?" असं एकजण म्हणाला. तो म्हणाला, "चूप बस."

एकदा मी पकडली जाणारच होते. माझ्या पाठीवर कोणीतरी लागलं आणि मी विचार न करता इंजिन बंद केलं. शिप आपल्या वेगानं पुढे घरंगळत राहिलं, मी त्याचं नाक गर्रकन मागे फिरवलं आणि उलटं जाता जाताच त्या माणसाला उडवलं. दुरुस्तीच्या शिपाच्या त्या फुसक्या बंदुकीनं. हे करायला नव्या माणसाला वर्ष जातं.  

"हे कसं केलं तू?" त्यानं विचारलं.

"काय केलं?" मी म्हणाले. "चुकून दुसरंच बटन दाबल्या गेलं वाटते."

आणि तो आनंदानं खुळावला. "पाह्यलं का रे? चुकून करते तं असं करते! हातातच हाय तिच्या!" तो दोस्तांना म्हणाला. पुढे कितीतरी दिवस तो हे ज्याला त्याला सांगत होता. त्याला माझा अभिमान वाटायला लागला होता, आणि त्याहून जास्त स्वतःच्या शिकवण्याचा. तेव्हा मात्र सांगणं अवघड होऊन बसलं. आधी सांगितलं असतं तर ती थट्टा झाली असती. आता ती फसवणूक होती. रोज संध्याकाळी वाटायचं आज सांगू, आणि रोज आदल्या दिवशीपेक्षा ते जड व्हायचं. सांगायला घेतलं की आत्या खाकरायची, असंही मी मनाला सांगून पाहिलं. आत्या बिचारी लसूण सोलत असायची.

त्यांच्या चमूतला चौथा गडी कामासाठी सुरतेला गेला आणि नेमकी तेव्हाच कारंज्याच्या एका चमूशी त्यांची मॅच ठरली. बक्षीस काही नव्हतं, पण दोन्ही गावांत आधीपासून चिडवाचिडवी होती आणि सगळी ओळखीची मंडळी बघायला बसणार होती. चमू त्यानं उभा केलेला, कप्तान तोच. चौथ्या जागी त्यानं माझं नाव सांगितलं.

"वहिनीचा मान ठेवून सांगतो," एक दोस्त म्हणाला, मी ऐकतेय हे माहीत असूनही, "पन हे काही भातुकली नाही. हारलो तं तुह्या हट्टानं हारू."

"हारलो तं कप्तानी सोडतो मी," तो म्हणाला. "माह्याजवळ शिकली ते. मले माहीत हाय तिले काय येते."

मी हेडफोन काढून खाटेवर ठेवला आणि थोडा वेळ मळ्यात जाऊन उभी राहिले. त्याला माहीत नव्हतं मला काय येतं. जगात कोणालाच माहीत नव्हतं, आणि ही माझीच करणी होती.

मॅच रविवारी दुपारी होती. त्या कारंज्याच्या चमूला मी ओळखत होते. माझ्या जुन्या खात्यावरून मी त्यांच्याशी कैकदा लढले होते आणि बहुतेक वेळा त्यांना पाणी पाजलं होतं. त्यांचा म्होरक्या नेहमी खालून येतो, ढालवाल्याच्या पोटाखालून, कारण ढाल तिथे पातळ असते. हलकं शिप घेऊन आधीच खाली जाऊन थांबलं की तो आयता सापडतो. हे सगळं मला शिप निवडायचा पडदा समोर आला तेव्हा माहीत होतं. निवडायला थोडाच वेळ मिळतो, वर आकडे उलटे मोजत असतात.

"तुले जे घ्यावं वाटते ते घे," तो कानात म्हणाला. "भेवू नको."

मी तिसऱ्या जागेवरच्या शिपाकडे पाहिलं. ते घेतलं असतं तर आम्ही जिंकलो असतो. त्याची कप्तानी राहिली असती, त्या दोस्ताचं तोंड बंद झालं असतं. आणि सगळ्यांना, त्याच्यासकट, समजलं असतं की इतके दिवस इथे काय नाटक चाललं होतं. म्हणजे माझी अब्रू का त्याची, एवढाच प्रश्न होता. मी माझी निवडली. बाईमाणसानं नवऱ्याच्या दोस्तांत पुढे पुढे करू नये, त्यालाच खाली पाहावं लागेल, असली गोड कारणं मी त्या तेवढ्या वेळातही जमवली. पण खरं कारण भीती होतं, माझी, माझ्यापुरती. मी वांग्याच्या रंगाचा पट्टा निवडला.

त्यांचा म्होरक्या खालून आला. मला तो येण्याआधीपासून दिसत होता. "खाली पाहा" एवढं तरी मी म्हणू शकले असते. नव्या माणसालाही दिसू शकतं की खाली कोणीतरी आहे. तेही म्हणाले नाही. माझ्यावर मारा होऊ नये म्हणून तो माझ्या आणि समोरच्या दोघांच्या मध्ये ढाल धरून उभा होता, आणि खालून त्याचं शिप फुटलं. मग त्याचे दोस्त गेले, एकामागोमाग एक. शेवटी मी एकटी उरले, समोर चौघं. मी इंजिन बंद केलं नाही, नाक फिरवलं नाही. सरळ, एका रेषेत, रस्त्यानं सायकलवरून शाळेत जाणाऱ्या पोरीसारखी उडत राहिले, आणि त्यांनी मला मारलं.

हेडफोनमध्ये कोणीतरी हासडलेली शिवी अर्ध्यात गिळली. तो दोस्त म्हणाला, "सांगतलं होतं ना मी."

"तिची चूक नाही," तो म्हणाला. "माही हाय. मीच बरोबर शिकवलं नाही. कप्तानी तू घे आता."

मग त्यानं मला फोन केला. मी फोन कानाला लावून नुसती बसून राहिले. त्याला वाटलं मी रडतेय. "रडू नको," तो म्हणाला. "तुह्यावर मीच लय लवकर भार टाकला. माफ कर मले." मी रडत नव्हते. पण तो तसं म्हणाल्यावर मी नाक ओढलं. ऐकू जाईल असं. मी त्याला माझी समजूत काढू दिली, आणि तो बराच वेळ काढत राहिला. आयुष्यात मी लबाड्या कमी केलेल्या नाहीत, पण ते नाक ओढणं आठवलं की आजही मी एकटी असताना मान खाली घालते.

मंगळवारी मी मंगरूळपीरला गेले. साक्षगंध झालेल्या पोरीनं लग्नाआधी सासरच्या गावात पाय ठेवायचा नाही अशी आमच्याकडे रीत आहे, त्यामुळे घरी क्लासला जाते म्हणून सांगितलं. खरं बोलायला निघाले तीही खोटं सांगून. ओढणी तोंडाला गुंडाळून एसटीत बसले आणि सगळ्या वाटेनं पहिलं वाक्य घोकत गेले. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर माझा आवाज काय काय करू शकतो ते मला आता ठाऊक झालं होतं, आणि त्याच्यावर माझाच भरवसा राहिला नव्हता.

दुकानात वार्निशचा नि जळक्या मोटारींचा वास होता. तो खाली बसून मोटारीच्या खाचांत तार भरत होता. बाकावर एक म्हातारे शेतकरी आपल्या मोटारीची वाट पाहत बसलेले. मला पाहून तो उठला आणि हात कुठे पुसावेत ते त्याला सुचेना.

"तू? येथं? घरी सारं बरं हाय ना?"

मी घोकलेलं वाक्य बोललेच नाही. "मले तो गेम येते," मी म्हणाले. "पहिलेपासून येते. तुमी शिकवाच्या कितीक वर्सं आधीपासून. हलकं शिप उडवनारे लोकं असतात ना, त्यातली हाय मी. रविवारी तो खालून येनार हे मले माहीत होतं."

मला वाटलं होतं तो चिडेल, कप्तानीबद्दल बोलेल. पण हळूहळू त्याचे कान लाल झाले. तो एकेक संध्याकाळ आठवत होता, हे मला दिसत होतं. ब्रेक कसे लावायचे ते. उजवं, डावं. "जमलं बाप्पा तुले." मी इतके दिवस माझी लाज घेऊन फिरत होते आणि ती सांगून हलकी होईन अशा हिशेबानं आले होते. प्रत्यक्षात मी ती उचलून त्याच्या अंगावर टाकली होती. आता तोच माझ्याकडे पाहू शकत नव्हता.

"मंग मी तुले ते सारं कायले सांगून राह्यलो होतो?" तो शेवटी म्हणाला. "तू आयकत होती अन मनात हासत होती?"

"हासत नव्हती."

"मंग काय करत होती?"

"मले आवडत होतं," मी म्हणाले. "तुमी शिकवत होते ते."

 दुकानात मागच्या बाजूला कॉम्प्युटर होता, गल्ल्यावर एक लॅपटॉप होता. त्यानं दोन्हीवर गेम लावला. "बस," तो म्हणाला. "मी अन तू. तुह्यं शिप घे. खरं खेळ."

मी हलकं शिप घेतलं, त्याच्यासमोर, पहिल्यांदा. त्यानं आपलं जड घेतलं. तो वाईट खेळत नव्हता, पण थोड्याच वेळात मी त्याच्या पाठीवर होते. तो वळला, मी आतून वळले. तो माझ्या नेमात बरोबर मधोमध आला. आणि मग तो निसटला आणि मला त्याच्या तोफेचा फटका बसून माझं शिप फुटलं.

तो पडद्याकडे पाहत राहिला. "सोडलं तू मले," तो म्हणाला.

"नाही. खरंच नाही."

"सोडलं. तेथं मी मेलो होतो. माहं मले समजते."

मी शपथ घेणार होते. मग बोटाकडे पाहिलं. त्यानं बरोबर सांगितलं होतं. ऐन वेळी ते बोट सैल पडलं होतं, मला न विचारता. इतके दिवस मी समजत होते की मी नाटक करतेय, म्हणजे करणारी कोणी वेगळी आहे आणि ती हवं तेव्हा थांबेल. ती कोणी वेगळी नव्हतीच. मला भर दुकानात रडू आलं, या वेळी खरं, आणि ते मी दाबलं, कारण त्यानं पुन्हा माझी समजूत काढावी एवढा तरी निर्लज्जपणा मला करायचा नव्हता.

"पुन्हा लावा," मी म्हणाले.

दुसऱ्यांदा मी त्याला उडवलं. तिसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा फार लवकर.

"कोन जिकलं?" बाकावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं.

"इनं जिकलं," तो म्हणाला. जसं एखाद्या मोटारीचं काय बिघडलं ते सांगावं तसं सांगितलं, आणि उठून पुन्हा खाली आपल्या मोटारीपाशी जाऊन बसला. तारेचं टोक शोधून पुढची खाच भरायला घेतली. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"राग आला का?" मी विचारलं.

आमच्या घरात या प्रश्नाला एकच उत्तर असतं. नाही, राग कायचा त्यात. मग विचारणाऱ्यानं म्हणायचं, मंग झालं तं, आणि तिथे ते मिटतं, मिटलेलं नसलं तरी. माझं "मंग झालं तं" ओठांवर तयार होतं.

"आला," तो म्हणाला. "लय आला. सोयरीक मोडाएवढा नाही. पन हाय."

"राग कधी जाईन?"

"ते मले काय माहीत," तो म्हणाला. "गेला का सांगतो." आणि खाली मान घालून तो तार भरत राहिला.

 कारंज्याची बस लागायला अवकाश होता. म्हातारे बाकावर थोडे सरकले आणि मी तिथे बसले.